शाळा सुटल्यावरचे दोन तास: गावातल्या मुलांचं खाणं आणि खेळणं कसं सावरायचं

कापूस फुटला की आमच्या गावात पाच वाजता मोठं माणूस सापडत नाही. यवतमाळ जिल्ह्यातलं लहानसं गाव. बाया सकाळी भाकर बांधून वेचणीला जातात, त्या दिवस बुडाल्यावर परततात. शाळा पाचला सुटते. पोरं दप्तर ओसरीत टाकतात आणि थेट दुकान गाठतात. पाच रुपयांचं तळलेल्या खाऊचं पाकीट, जमलं तर वर एखादी गोड पन्नी, आणि मग कुणाच्या तरी मोबाइलभोवती घोळका.

मी इथल्या शाळेत शिकवतो. एका पालकसभेत मी या पाकिटावर चांगलं अर्धा तास बोललो. बोलून झाल्यावर मागे बसलेली एक आई उठली. "मी येचाले जातो सर. कापूस तोलून घरी याले सात वाजते. पोराले पाच वाजता भूक लागते. मंग पाच रुपये नाही देऊ तं का देऊ?"

मला उत्तर देता आलं नाही. आईला पाकीट वाईट आहे हे ठाऊक असतं. तिच्या घरी त्या वेळेला कुणी नसतं, एवढंच. तेव्हापासून आम्ही जे काही करतो ते पाच ते सात या दोन तासांभोवती करतो. तुमच्या गावात धान कापणी असेल, सोयाबीन असेल, संत्र्याचे बगीचे असतील; रिकाम्या घराची वेळ मात्र बहुतेक हीच निघेल.

आधी पाच दिवस नुसतं पाहा

भाषण नाही, फलक नाही. सोमवार ते शुक्रवार शाळेच्या कुंपणाभोवती, दुकानासमोर आणि पारापाशी पडलेली पाकिटं पोरांकडूनच एका पोत्यात गोळा करून घ्या आणि मोजा. आकडा वहीत लिहा. वर्षभरानंतर तुलनेला हाच कामी येतो. सोबत पंधरा-वीस मुलांना साधे तीन प्रश्न विचारा: सकाळी काय खाल्लं, शाळेतल्या जेवणानंतर काय खाल्लं, संध्याकाळी कुठे खेळलास. उत्तरं ऐकताना तोंड वाकडं करू नका, नाहीतर पोरं उद्यापासून "पालक खाल्ला सर" असं सांगायला लागतात.

आमच्याकडे सकाळच्या प्रश्नाला निम्म्यांहून जास्त उत्तरं "चहा-टोस्ट" अशी आली. जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर घेतलेला चहा अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या जवळपास ६९ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला होता, आणि सुमारे ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने ठेंगणी होती. अशा ठिकाणी पोराला सकाळी चहाऐवजी रात्रीची भाकर आणि वाटीभर वरण मिळणं हा मोठाच बदल आहे. खर्च शून्य.

नवी समिती काढू नका

गावात समित्या आधीच पुरेशा आहेत. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या सदस्य महिला. ग्राम आरोग्य, पोषण व स्वच्छतेची समिती वेगळी आहेच. त्याच दोन समित्यांतली कामाची माणसं, अंगणवाडी सेविका आणि मदतनीस, आशाताई, बचत गटातल्या एक-दोघी, कबड्डी खेळणारा एखादा पोरगा, घरी असणारी एक आजी आणि गावातला दुकानदार, एवढी मंडळी पुरते. दुकानदार हवाच. त्याला सोडून घेतलेला निर्णय दुसऱ्या दिवशी बारगळतो.

बैठक रात्री आठनंतर ठेवा, तीही वेचणीचा चुकारा होतो तो दिवस टाळून. आमच्याकडे सामुदायिक प्रार्थना संपली की लोक तसेच थांबतात, त्यामुळे वेगळं बोलावणं धाडावं लागत नाही. पहिल्या बैठकीत एकच गोष्ट ठरवा: पाच वाजता मुलांजवळ कोणते दोन मोठे असतील? बाकी सगळं मागाहून.

वजन-उंची: काय करायचं, कुठे थांबायचं

हे काम सेविकाताई आणि आशाताईंचं. आपण फक्त मदत करायची. सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलाचा दंडघेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर ते तीव्र कुपोषण. साडेअकरा ते साडेबारा म्हणजे मध्यम. दोन्ही पायांवर सूज असेल, अंगठ्याने दाबल्यावर खळगा राहत असेल, तर घेर कितीही असो, मूल त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलं पाहिजे. अशा मुलाला शेंगदाण्याच्या लाडवांनी बरं करू पाहणं धोक्याचं आहे.

पूर्व विदर्भात आणि आमच्या भागातल्या आदिवासी वस्त्यांत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते, ती सिकलसेल. वारंवार सांधे दुखणारं, डोळे पिवळे दिसणारं, लवकर दमणारं मूल "आळशी" म्हणून मैदानातून हाकललं जातं. त्याची तपासणी करून घ्या. खेळू द्यायचंच, पण त्याच्या दमाने. भर उन्हात नाही, आणि पाण्याची बाटली हाताशी ठेवून. त्याला लोहाची गोळी द्यायची की नाही हे डॉक्टरच ठरवतील.

फेब्रुवारी आणि ऑगस्टमधल्या जंतनाशक गोळीच्या दिवशी जी मुलं गैरहजर असतात, त्यांची नावं टिपून ठेवा आणि पुढच्या फेरीत त्यांना गाठा. अनवाणी फिरणाऱ्या पोरांच्या गावात ही गोळी चुकली तर खाल्लेलं अन्न पुरतं अंगी लागत नाही.

आणि यादी भिंतीवर लावू नका. आमच्याकडे एकदा वजनाचा तक्ता वर्गात लागला. त्यानंतर एका मुलीला पोट्टे वर्षभर "काडी" म्हणत होते. तक्ता लावणारा मीच.

पाच वाजताचा खाऊ

शाळेतलं जेवण दीड-दोनच्या सुमारास होतं. पहिली ते पाचवीच्या मुलाला त्यातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत, सहावी ते आठवीच्या मुलाला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम, असं माप आहे. ते नीट मिळालं तरी पाच वाजता भूक लागतेच. ती भूक खरी आहे, तिला लाड समजू नका.

पाच रुपयांत काय बसतं? पाकिटात मूठभर तळलेलं पीठ, तेल आणि मीठ. त्याच पाच रुपयांत आम्ही घुगऱ्या करतो. चाळीस मुलांचा हिशेब असा:

हरभरे दोन किलो, म्हणजे मुलामागे कोरडे ५० ग्रॅम. आमच्या बाजारात ते साधारण १७० रुपयांना पडले. तेल, कांदा, सांभार (कोथिंबीर) आणि लिंबं मिळून तीस-पस्तीस. एकूण दोनशेच्या आसपास. पन्नास ग्रॅम हरभऱ्यात जवळपास १० ग्रॅम प्रथिनं असतात. शाळेच्या जेवणातून लहान मुलाला जेवढी मिळायला हवीत, त्याच्या जवळपास जाणारी.

हरभरे आदल्या रात्री भरपूर पाण्यात भिजवा, कारण ते फुगून दुप्पट होतात. सकाळी पाणी बदला. फेब्रुवारीनंतर दुपारी पुन्हा एकदा बदला, नाहीतर आंबूस वास सुटतो. शिजवायला चार वाजता घ्या. सकाळी उकडून ठेवलेले हरभरे संध्याकाळी वाढायचे नाहीत. कुकरमध्ये थोडं मीठ घालून, बोटाने चेपले जाईपर्यंत शिजवा. मोठ्या गंजात (पातेल्यात) चार चमचे तेलावर जिरं आणि कांदा परता, हळद घाला, तिखट बेताचं. हरभरे टाका, दोन वाफा येऊ द्या. उतरवल्यावर सांभार आणि लिंबू. लिंबू चवीपुरतं नाही. त्याच्यामुळे हरभऱ्यातलं लोह अंगी लागतं. वाढण्याआधी एका मोठ्या माणसाने चव घ्यायची. शाळेच्या जेवणाला हाच नियम असतो, इथेही पाळा.

रोज घुगऱ्या दिल्या तर चौथ्या दिवशी पोरं नाक मुरडतात. आमची आठवड्याची घडी साधारण अशी बसली: दोन दिवस घुगऱ्या (एकदा हरभरा, एकदा चवळी किंवा मटकी), एक दिवस मुर्रा (मुरमुरे) आणि फुटाण्यांचा चिवडा, एक दिवस शेवग्याचा पाला घातलेलं ज्वारीचं धिरडं, एक दिवस उकडलेलं अंडं किंवा केळ. भंडारा-गोंदियाकडे ज्वारीऐवजी तांदळाच्या पिठाचं करा. हिवाळ्यात बोरं, आवळे, संत्री, पेरू वरून मिळतातच. ते विकत घ्यायची वेळ येऊ देऊ नका, ज्याच्या वावरात झाड आहे त्याच्याकडे नुसती आठवण करा. जवसाची चटणी धिरड्याला उत्तम.

चार वर्षांखालच्या मुलांना अख्खे शेंगदाणे आणि फुटाणे देऊ नका, घशात अडकतात. कूट करा, गुळात लाडू वळा.

आता थोडं नाजूक. शिजवणारी कुणाची, हा प्रश्न गावात निघतोच, कधी तोंडावर, कधी पाठीमागे. आम्ही गल्लीवार पाळी लावली आणि सगळ्या पुऱ्यांची (वस्त्यांची) नावं चिठ्ठीने काढली. दोन घरांनी पोरं पाठवायचं थांबवलं. आम्ही समजूत काढायला गेलो नाही, पाळीही बदलली नाही. तिसऱ्या आठवड्यात पोरं आपोआप आली, कारण बाकीची पोरं खाऊन सरळ खेळायला जात होती. कोलाम आदिवासींचा पोड (पाडा) गावापासून लांब असेल तर गंज पोडावर न्या. अंधारात त्या पोरांनी इकडे यावं ही अपेक्षा चुकीची आहे.

दुकानदाराशी बोलणं

नियम तुमच्या बाजूने आहेत. जास्त तेल, मीठ आणि साखरेचे पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत विकू नयेत, असं अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाचं २०२० चं विनियम सांगतं. तंबाखूसाठी कायदा जुना आहे, २००३ चा. शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूविक्री चालत नाही. तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटणारा ठेला शाळेसमोर असेल तर तिथे मुळीच नमतं घेऊ नका. सहावी-सातवीतली पोरं बापाच्या खिशातल्या पन्नीतून चिमूट काढतात, हे कुणी सांगायला नको. आणि ज्या बैठकीत मुलांच्या खाण्यावर बोलणं चालू आहे, तिथे खर्रा खाणाऱ्याने बाहेर जावं. आमच्याकडे हा नियम करण्यासाठीच अर्धी बैठक गेली.

पाकिटांच्या बाबतीत मात्र आम्ही आधी चूक केली. थेट बंदी घातली. दुकानदार वरमला, पोरं बसस्टँडच्या टपरीवर जायला लागली, मधे डांबरी रस्ता. एका पोराला मोटारसायकल घासून गेली आणि आम्ही शहाणे झालो.

दुसऱ्यांदा गेलो ते हिशेब घेऊन. त्याला एका पाकिटामागे किती सुटतात ते विचारलं. मग बचत गटाने पाच रुपयांच्या कागदी पुड्या करून दिल्या: फुटाणे, भाजलेले शेंगदाणे, गूळ-शेंगदाण्याचा लाडू. त्याला तेवढेच सुटतील असा भाव धरला, आणि पहिल्या महिन्यात न खपलेला माल परत घेण्याचं कबूल केलं. पाकिटांच्या माळा दर्शनी भागातून काढून आत टांगायच्या, पुड्या आणि केळी पुढे ठेवायच्या. पोरांच्या डोळ्यांच्या उंचीवर जे असतं तेच खपतं. पाकिटं अजून विकली जातात. कमी.

परसबाग: अपेक्षा बेताची ठेवा

फोटोत परसबाग छान दिसते म्हणून सगळे तिच्यापासून सुरुवात करतात. मी तिला पाचव्या नंबरवर ठेवतो. शाळेच्या जेवणात लहान मुलामागे ५० ग्रॅम भाजी धरली तर चाळीस मुलांना रोज दोन किलो लागते. गुंठाभर जागेतून वर्षभर तेवढं निघत नाही. बागेचा उपयोग वेगळा. स्वतः पेरलेली मेथी पोरगं खातं. घरी आईने केलेली तीच मेथी ताटात बाजूला सारणारं पोरगंसुद्धा.

जागा हापशीच्या सांडपाण्याजवळ निवडा. गोल वाफा करा, मधोमध खतखड्डा, भोवती सात भाग. बचत गटाच्या ताईंना ही गंगामा मंडलाची पद्धत माहीत असते. बाभळीच्या काट्यांचं कुंपण आधी करा, बी नंतर. आमची पहिली बाग एका रात्रीत बकऱ्यांनी खाल्ली.

शाळा आपल्याकडे जूनच्या शेवटी उघडते. जुलैत भेंडी, चवळी, अंबाडी, वाल. ऑक्टोबरात पालक, मेथी, सांभार, टमाटर, वांगी. मार्चनंतर पालेभाज्यांचा नाद सोडा. शेवगा, पपई, कढीपत्ता आणि लिंबू ही झाडं मात्र पहिल्याच पावसात लावा. शेवगा फांदीवरही येतो. पावसाळ्यात तरोटा, कुरडू, घोळ खुडायला पोरांना एका जाणत्या आजीबरोबर धाडा. तिच्या मागून फिरताना पोरं जे शिकतात, ते माझ्या परिसर अभ्यासाच्या तासाला शिकत नाहीत. आजीने ओळखल्याशिवाय एकही पान टोपलीत जाऊ द्यायचं नाही.

मैदान

पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी तासभर धाप लागेल असं हुंदडावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. खेड्यातली पोरं हुंदडतातच, असं आपल्याला वाटतं. पाच दिवस पाहाल तेव्हा कळेल. मैदानात दहा-बारा मोठी पोरं क्रिकेट खेळतात, त्यातली तिघंच धावतात, आणि मुली कठड्यावर बसून पाहतात किंवा भांडी घासायला घरी गेलेल्या असतात.

पहिलं काम सफाई. गिट्टी, फुटक्या बाटल्या, काटे, एका रविवारच्या श्रमदानात होतं. मग चुन्याने आखा. पुरुषांच्या कबड्डीचं मैदान १३ मीटर लांब, १० मीटर रुंद असतं. लहानांसाठी ते आखडून घ्या. आट्यापाट्याला चुन्याच्या रेघांपलीकडे काहीच लागत नाही आणि त्यात सगळे एकदम पळतात, म्हणून मला तो सगळ्यात आवडतो. जुनी मंडळी "खेळून का होते" म्हणाली तर त्यांना अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची गोष्ट सांगा. १९३६ साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी त्यांच्या चमूने तिथे कबड्डी खेळून दाखवली होती. आमच्याकडे एवढ्यावर दोन आजोबा पंच व्हायला तयार झाले.

तीन नियम कडक ठेवा. एक, बाद झालेलं मूल बसणार नाही. मैदानाला एक फेरी मारून परत डावात येईल. आपल्या बहुतेक खेळांत सगळ्यात अशक्त मूल सगळ्यात आधी बाद होतं आणि उरलेला वेळ मातीत रेघोट्या ओढतं. ज्याला पळायची जास्त गरज, तोच बसून. दोन, मंगळवार, गुरुवार आणि शनिवार मैदान मुलींचं. त्या दिवशी मोठी पोरं आली तर लगोरी रचायला किंवा पाणी आणायला. तीन, मोबाइल सगळ्यांचे एका डब्यात, पंचांचे आणि माझासुद्धा.

मुली येत नसतील तर घरचं काम विचारा. आमच्या एका मुलीला पाण्याच्या दोन गुंड्या (हंडे) भरायच्या असायच्या. शेजारच्या काकूंनी तिच्या नळाची वेळ सांभाळली आणि ती खो-खोत आली.

डिसेंबरात पावणेसहाच्या आत-बाहेर सूर्य बुडतो, म्हणून तेव्हा शेवटचा खेळाचा तास मैदानाला जोडून घ्या. खाऊ पाचला, पंधरा मिनिटं बसून गोष्टी, मग खेळ. अंधार पडल्यावर पंचायतीच्या दिव्याखाली लहानांना घेऊन बसायला एक जण हवा, आया येईपर्यंत. हे काम आमच्याकडे बारावी झालेल्या दोन मुली करतात आणि त्यांना बचत गट महिन्याला थोडं मानधन देतो. फुकट सेवा दोन महिने टिकते.

पैसा कुठून

ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाच्या १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्चायची असते. ती अनेकदा वर्षअखेरीस सतरंज्या आणि खुर्च्यांवर जाते. ग्रामसभेत लेखी अर्ज द्या, ठराव इतिवृत्तात आला की नाही ते स्वतः वाचून पाहा. वाढदिवस, तेरवी, लग्न यांच्या निमित्ताने तिथिभोजन स्वीकारा, पण केक आणि चॉकलेट नको हे आधीच सांगा. अंडी, केळी, डाळ चालेल.

सगळ्यात भरवशाचं म्हणजे धान्य. सुगीत घरटी एक पायली हरभरा, तूर किंवा ज्वारी मागा. पैसे मागितले की माणूस उद्या ये म्हणतो, धान्य मात्र लगेच सुपात पडतं. ते कडक वाळवून, कोठीत कडुनिंबाचा पाला घालून ठेवा. वहीत प्रत्येक घरापुढे काय आलं ते लिहा आणि ती वही दुकानात टांगा.

एप्रिल-मे

शाळा सकाळची होते आणि मग सुटी लागते. पारा ४५ च्या वर. इथे आमचं काम दोन वर्षं मोडलं. तिसऱ्या वर्षी खेळ सकाळी सहा ते साडेसात केला, संध्याकाळी बंद. खाऊ म्हणून ज्वारीची आंबील आणि कैरीचं पन्हं, मीठ-गूळ घालून. दुपारी समाजमंदिरात कंचे, अष्टा-चंगा, आजीच्या गोष्टी. झाडांना पाणी घालण्याची पाळी चौथी आणि सातवीच्या पोरांची, दोघा-दोघांची जोडी, मटक्याला बारीक भोक पाडून बुंध्याशी पुरायचं म्हणजे तीन दिवसांतून एकदा भरलं तरी चालतं.

हापशीच्या खोलीची किल्ली तेवढी आताच ठरवून ठेवा. सुटीत ती माझ्याजवळ राहिली, मी सासुरवाडीला, आणि पपईची तीन झाडं वाळली.